होस्टिंग बदललं तरी जुनीच साईट दिसतेय? मग डीएनएस असा तपासा

काकांचा सांगलीत मार्केट यार्डात हळदीचा व्यापार, त्यांची छोटी वेबसाईट मी बघतो. मागं होस्टिंग (साईट जिथं ठेवतात तो सर्व्हर) बदललं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन, "अरे जुनेच भाव दिसतायत की, तू केलंस काय नक्की?" माझ्या मोबाईल डेटावर नवी साईट, दुकानाच्या वायफायवर जुनी. रिफ्रेश मारून मारून काका वैतागलेले.

घोळ असा असतो. साईट उघडायला नावामागचा आयपी नंबर, म्हणजे सर्व्हरचा पत्ता लागतो, आणि नावावरून तो शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. हा नंबर ब्राउझर आधी स्वतःकडं शोधतो, मग विंडोजकडं, तिथं नसला तर रिझॉल्व्हरला (नंबर शोधून देणाऱ्या सर्व्हरला) विचारतो, जो बहुतेक वेळा इंटरनेटवाल्याचाच असतो. त्याच्याकडंही नसला तर तो रूट सर्व्हरकडं जातो, रूट म्हणतो डॉट इनवाल्यांना विचार, ते म्हणतात या डोमेनचा (साईटच्या नावाचा) नेमसर्व्हर अमुक, आणि खरा नंबर शेवटी तो नेमसर्व्हर देतो. रिक्षावाल्यानं विचारत विचारत अडत्याचा गाळा शोधावा तसंच. पण एकदा सापडला की तो पत्ता लक्षात ठेवतो, आणि गाळा हलला तरी तुम्हाला जुन्याच दारात नेऊन सोडतो. किती वेळ लक्षात ठेवायचं तो आकडा म्हणजे टीटीएल, सेकंदात असतो. काकांच्या डोमेनला ८६४०० होता, म्हणजे अख्खे २४ तास, आणि मी तो बघितलाच नव्हता.

आता तपासायचं कसं. विंडोजचं कमांड प्रॉम्प्ट उघडा, एनएसलुकअप टाका (इंग्रजी अक्षरांत, सलग), स्पेस, डोमेन, एंटर. वरती जो नंबर येतो तो उत्तर देणाऱ्याचा, साईटचा नाही, इथं सगळेच फसतात. दुकानात तिथं १९२.१६८.१.१ आलं, म्हणजे आपला राउटर. साईटचा नंबर खाली 'नॉन-ऑथॉरिटेटिव्ह आन्सर'च्या खाली असतो, आणि ती ओळ म्हणजे एरर नव्हे, उत्तर थेट नेमसर्व्हरकडून नाही, मधल्या कुणाकडून तरी आलंय एवढंच. मग तीच कमांड परत, पण शेवटी स्पेस देऊन १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचा सार्वजनिक रिझॉल्व्हर) किंवा ८.८.८.८ (गूगलचा) टाका. दुकानात राउटरनं जुना नंबर दिला, १.१.१.१ नं नवा. म्हणजे साईट ठीक, आठवण शिळी.

तरी शंका असेल तर शेवटी तुमच्या डोमेनच्या नेमसर्व्हरचंच नाव टाकून विचारा. तोच जुना नंबर देत असेल तर वाट बघून काही होणार नाही, ए रेकॉर्ड (नावापुढची आयपी नंबरची नोंद) चुकीच्या कंपनीच्या पॅनेलमध्ये बदललंय. मी एकदा दोन तास असाच घालवलाय, डोमेन एकीकडं घेतलेलं, नेमसर्व्हर दुसरीकडचे, आणि मी पहिल्याच पॅनेलमध्ये ए रेकॉर्ड बदलत बसलेलो.

आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश फ्लशडीएनएस या कमांडनं फक्त त्या पीसीची आठवण पुसते. ब्राउझर बंद करून उघडा, राउटर एकदा रिस्टार्ट करा. इंटरनेटवाल्याची आठवण आपल्या हातात नाही, म्हणून काकांच्या पीसीला नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस १.१.१.१ लावून दिला, झालं काम. आणि हो, होस्ट्स फाईलमध्ये (पीसीवरची नाव-नंबरची यादी) टेस्टिंगसाठी एखादी ओळ टाकून विसरला असाल तर आधी ती काढा, तिच्यापुढं डीएनएसचं कोणी ऐकत नाही.

पुढच्या वेळी हलवायच्या एक-दोन दिवस आधीच टीटीएल ३०० करा, आदल्या तासाला करून उपयोग नाही कारण जुना आकडा लोकांकडं गेलेला असतो. मग ए रेकॉर्ड बदला, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचं वेगळं असेल तर तेही. मेल जुन्याच ठिकाणी ठेवायचा असेल तर एमएक्सला (मेल कुठं जायचा ते सांगणाऱ्या नोंदीला) हात लावू नका, नाहीतर मेल बंद. जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका.

आमचं जुनं होस्टिंग अजून चालू होतं म्हणून बरं, बाकी गिऱ्हाईकांना जुनीच साईट दिसत होती, तर मी तिथंच आजचे भाव टाकले आणि काकांना सांगितलं, बघा आता.