तापट म्हाताऱ्या घोड्याला हंटला नेण्याआधी

हंट म्हणजे शिकारी कुत्र्यांमागून घोड्यांवरून केलेली दौड. तिची ओपनिंग मीट, म्हणजे हंगामाचा पहिला औपचारिक मेळावा, साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला. तयारी सप्टेंबरमध्येच सुरू करावी, कारण पहिलं काम दुकानातलं नसून दातांचं आहे. एरवी गरीब गाय असलेला अठरा-वीस वर्षांचा घोडा हंटचं शिंग कानावर पडलं की जागच्या जागी नाचतो, मान उडवतो, हात उखडून काढतो. आपण लगेच म्हणतो, तोंड कडक झालंय, आणखी जोराचं बिट (तोंडात घालायचं लगामाचं साधन) बघू. पण या वयात दाढांच्या कडा धारदार होतात, एखादा दात हलतो, आणि बिट नेमकं दुखऱ्या जागी ओढलं जातं. दुखण्यापासून पळणारा घोडा आणि उत्साहाने पळणारा घोडा खोगिरावरून सारखेच वाटतात. म्हणून आधी दात, मग पाठ, आणि नंतरच साज.

पाठीचं जरा नीट बघा. पंधरा वर्षांच्या पुढे कुशिंगचा आजार, म्हणजे संप्रेरकांचा बिघाड, बऱ्याच घोड्यांत निघतो. त्यात पाठीवरचे स्नायू ओसरतात, केस लांब राहतात, खुरांच्या दाहाचा धोका वाढतो. पशुवैद्याकडून रक्तातलं एसीटीएच हे संप्रेरक तपासून घ्या. आजार नसला तरी पाच वर्षांपूर्वी बसलेलं खोगीर आज बसेलच असं नाही. खोगीर बसवणाऱ्या फिटरला बोलवा, आणि घोडा उभा असताना नुसती नजर टाकण्यावर भागवू नका. स्वार वर बसवून, कॅंटर (संथ दौड) करून बघायला सांगा. मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो, त्याच्यावर खोगीर टेकता कामा नये. अरुंद खोगिराखाली जाड गादी घातली की ते आणखीच आवळतं. हा उपाय इतका लोकप्रिय का आहे, मला कळलेलं नाही.

आता बिट. घरी स्नॅफलवर (साध्या, सौम्य बिटावर) शहाणा असलेला घोडा पन्नास घोड्यांच्या गर्दीतही स्नॅफलवर राहिला तर उत्तमच, बदलू नका. नाही राहिला, तर माझं मत दोन लगामांच्या पेल्हमला. वरचा लगाम साध्या स्नॅफलसारखा चालतो, खालचा कर्बच्या, म्हणजे हनुवटीखालून आवळणाऱ्या, साखळीवर. दिवस चार-पाच तासांचा असतो. त्यातला बहुतेक वेळ वरच्या लगामावर काढायचा आणि खालचा गेटपाशी, उतारावर, पुढचा अचानक थांबला तर, एवढ्यापुरताच वापरायचा. दोन्ही कड्यांना जोडणारी चामड्याची पट्टी लावून एकच लगाम केला की हा सगळा फायदा गेला. सौम्य आणि कडक दाब एकदमच पडू लागतात. साखळी पिळून सपाट करा, हनुवटीच्या खोबणीत बसवा, आणि बिटाची दांडी साधारण ४५ अंश मागे आली की लागेल इतपतच ठेवा. तोंडातला भाग रबरी किंवा सरळ, न सांधलेला असला तर वयस्कर तोंडाला बरा.

किंबलविक, म्हणजे बकिंगहमशरमधल्या खेड्याचं नाव लागलेलं बिट, एका लगामावर कर्बचा थोडा गुण देतं. गारठलेल्या बोटांना सोयीचं, पण जो घोडा बिटावर भार टाकतो तो त्यावर आणखी जड होतो. अशाला वॉटरफोर्ड बघावं: साखळीसारखं लवचिक असल्याने त्याला टेकायला जागाच मिळत नाही. मात्र डावी-उजवी खेचाखेच करणाऱ्या हातात ते देऊ नये. तीन कड्यांच्या गॅग बिटाचा लगाम सर्वांत खालच्या कड्यात अडकवून दिवसभर ओढत बसणारे दर मीटला दिसतात. दाब सुटतच नाही, मग घोड्याने थांबायचं कशाचं बक्षीस म्हणून? हॅकमोर, म्हणजे बिटाशिवाय नाकावर दाब देणारा साज, तोंडाला आराम देतो, पण गर्दीत वळवायला कमी पडतो.

कुठल्या मुलखात जाताय, त्यावरही ठरतं. इंग्लंडमधल्या लेस्टरशरच्या गवताळ रानात वेग आणि कुंपणं, म्हणजे ब्रेक हवाच. आयर्लंडमधल्या गॉलवेत दगडी भिंती. तिथल्याच लिमरिककडे मातीचे बांध आणि चर: घोडा बांधावर चढतो, वर पाय बदलतो, पलीकडे उतरतो, त्यासाठी त्याला मान लांब करता आली पाहिजे. तिथे जेरबंद (घोड्याने डोकं फार वर फेकू नये म्हणून छातीखालून येणारा पट्टा) सैल, आणि तोही पळता, म्हणजे ज्याच्या कड्यांतून लगाम मोकळा सरकतो असा. नाकपट्ट्याला बांधलेला जेरबंद चराच्या मुलखात नकोच. लगामावर चामडी अटकाव घाला, नाहीतर जेरबंदाची कडी बिटाच्या बकलात अडकते. नाकपट्टा नाकाच्या हाडावर दोन बोटं सहज सरकतील एवढाच. तोंड दाबून घोडा शांत होत नाही.

छातीपट्टा हवाच: सुटलेल्या पोटाच्या घोड्याचं खोगीर पुढे सरकतं आणि सडपातळ झालेल्याचं मागे, तर मागचं त्याने रोखलं जातं. गळ्यात एक साधा पट्टा वेगळा बांधा, उडी चुकली तर धरायला. लगाम रबरी पकडीचा; घाम आणि पाऊस यांत गुळगुळीत चामडं हातात राहत नाही. घोड्याच्या पायांना बूट मी घालत नाही, आत चिखल जाऊन कातडी सोलली जाते. लाथ मारत असेल तर शेपटीला लाल फीत, आणि तरी मागेच राहा.

इंग्लंडमध्ये १८ फेब्रुवारी २००५ पासून हाउंडकरवी (शिकारी कुत्र्यांकरवी) कोल्ह्याची शिकार बंद आहे. त्याऐवजी कुत्र्यांसाठी आधी ओढून ठेवलेल्या वासाचा माग असतो. आयर्लंडमध्ये तशी बंदी नाही. साजाच्या दृष्टीने फरक इतकाच, की मागावरची धाव बहुधा सलग आणि वेगवान होते, आणि म्हाताऱ्या फुप्फुसांना ती जड जाते.

नवं काहीही मीटच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. एका वेळी एकच बदल, आधी एकट्याने, मग तीन-चार घोड्यांच्या सोबत मोकळ्या शेतात. आदल्या संध्याकाळी शिवण बघा: रिकिबीच्या वादीचं बकल, पोटाखालच्या तंगाचे पट्टे, लगाम बिटाला जोडला जातो ती घडी. खोगिरावरची रिकिबीची कळ उघडी ठेवा, म्हणजे पडलात तर वादी सुटेल. खिशात खूर साफ करायची आकडी, सुतळी, चाकू.

सकाळी लवकर पोहोचा, पण गर्दीच्या मध्ये उभे राहू नका. कडेने गोल चालवत ठेवा. वीस मिनिटांनी तंग पुन्हा आवळा. दुपारी बारा-एकला घाम थंड होऊ लागला आणि मान खाली आली, की फील्ड मास्टरची (स्वारांच्या म्होरक्याची) रजा घेऊन घरी चला. साज उतरवताना ओठांचे कोपरे, हनुवटीखालची खोबण आणि तंगाखालची जागा बोटांनी चाचपा, आणि प्रत्येक पट्टा कितव्या भोकावर होता ते वहीत लिहून ठेवा.