डेटाबेस स्लो झालाय? आधी डिस्कचा अवेट बघा

डेटाबेस स्लो झाला की सगळे आधी क्वेरीच्या मागे लागतात, इंडेक्स टाका, रॅम वाढवा, आणि डिस्ककडे कुणी वळलंच तर डीएफ मारून जागा किती उरलीय तेवढं बघतात. पण जागा असणं वेगळं आणि डिस्कने वेळेत उत्तर देणं वेगळं. खालचं सगळं लिनक्सवरच्या पोस्टग्रेससाठी लिहितोय, मायएसक्यूएलवाल्यांना सुरुवातीचा भाग जसाच्या तसा चालेल.

सिसस्टॅट पॅकेज टाका, त्यात डिस्कचे आकडे दाखवणारं आयओस्टॅट येतं, ते एक्स ऑप्शन लावून दर 1 सेकंदाला चालवा. पहिला रिपोर्ट सोडून द्या, ते सर्व्हर बूट झाल्यापासूनचं ॲव्हरेज असतं, त्यात आत्ताचं काहीच कळत नाही. मग नजर ठेवायची ती आर-अवेट आणि डब्ल्यू-अवेटवर, म्हणजे एका रीडला आणि एका राइटला रांगेतला वेळ धरून किती मिलिसेकंद लागले. 7200 आरपीएमच्या हार्ड डिस्कला एक फेरी मारायलाच 8.3 मिलिसेकंद लागतात, त्यामुळे तिथे रँडम रीडला 10 च्या आसपास आकडा आला तर घाबरू नका, पण एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडीवर) हाच आकडा सतत दिसत असेल तर नक्कीच काहीतरी अडलंय.

आयओस्टॅटमधलं युटिल 100 टक्के दिसलं की लोक लगेच नवीन डिस्क मागवतात, तसं करू नका. युटिल एवढंच सांगतं की त्या वेळात डिस्ककडे कमीत कमी एक तरी रिक्वेस्ट होती. एसएसडी एकाच वेळी ढीगभर रिक्वेस्ट हाताळते, त्यामुळे 100 टक्के दिसूनही ती आरामात असू शकते. त्यापेक्षा रांगेची लांबी बघा, एक्यू-एसझेड कॉलम. हिशोब सोपा आहे, आयओपीएस (दर सेकंदाला होणारे रीड-राइट) गुणिले सेकंदांतला अवेट, म्हणजे 2000 आयओपीएस आणि 5 मिलिसेकंद तर सरासरी 10 रिक्वेस्ट रांगेत. आयओपीएस तेवढेच राहून रांग आणि अवेट दोन्ही वाढत चालले, तर डिस्कची लिमिट आली.

क्लाउडवर अजून एक भानगड असते. एडब्ल्यूएसचा जीपी-2 व्हॉल्यूम (म्हणजे क्लाउडवरची डिस्क) 100 जीबीचा घेतला तर बेसलाइन फक्त 300 आयओपीएस, वरचे 3000 पर्यंतचे बर्स्ट क्रेडिटवर, म्हणजे डिस्क शांत असताना साठलेल्या कोट्यावर. क्रेडिट पूर्ण भरलेलं असलं तरी फुल स्पीडला ते साधारण 2000 सेकंदांत, म्हणजे अर्ध्या तासात संपतं, आणि मग दुपारपर्यंत पळणारा रिपोर्ट अचानक रांगायला लागतो. त्यामुळे एडब्ल्यूएसच्या क्लाउडवॉच मॉनिटरिंगमध्ये बर्स्ट बॅलन्सवर अलार्म लावाच. जीपी-3 ला 3000 ची बेसलाइन आहे, तिथे हा प्रश्न येत नाही.

आता पोस्टग्रेसच्या बाजूने. ट्रॅक-आयओ-टायमिंग हे सेटिंग डिफॉल्टला बंद असतं, ते चालू करा, मग एक्सप्लेन ॲनालाइझमध्ये बफर्स लावून कुठली क्वेरी डिस्कपायी किती वेळ थांबली ते दिसतं, आणि 16 व्हर्जनपासून पीजी-स्टॅट-आयओ व्ह्यू आलाय तो तर फारच कामाचा. एक लक्षात ठेवा, पोस्टग्रेस ज्याला रीड म्हणतो ते लिनक्सच्या पेज कॅशमधूनही, म्हणजे रॅममधूनही आलेलं असू शकतं, म्हणून पोस्टग्रेसमध्ये रीड भरपूर आणि आयओस्टॅटमध्ये शांतता असं दिसलं तर डिस्कला दोष देऊ नका.

राइटचा आलेख ठरावीक अंतराने डोकं वर काढत असेल तर चेकपॉइंटवर (मेमरीतले बदल डेटा फाइल्समध्ये उतरवण्याच्या कामावर) संशय घ्या, डिफॉल्ट 5 मिनिटांचा असतो, लॉगमधल्या वेळा जुळवून बघा. आणि कमिट हळू होत असतील तर पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटीमध्ये वॉल-सिंकचा वेट दिसतो का ते बघा, कारण साध्या सेटिंगला कमिट झाला हे सांगायच्या आधी वॉल (म्हणजे बदलांची आधी लिहिली जाणारी नोंद) डिस्कवर पक्कं बसावं लागतं. वॉल आणि डेटा एकाच डिस्कवर असले की चेकपॉइंटच्या राइटमागे कमिट अडकतात, म्हणून मी शक्य तिथे वॉलला वेगळी डिस्क देतो.

हे सगळं सिस्टीम नीट चालू असतानाच नोंदवायला लागा, नाहीतर अडचणीच्या रात्री तुलना कशाशी करणार? सिसस्टॅटमधलंच सार हे टूल सहसा 10 मिनिटांचं ॲव्हरेज ठेवतं, त्यात 20 सेकंदांचा झटका विरघळून जातो, म्हणून प्रोमिथियस आणि नोड एक्सपोर्टर ही मॉनिटरिंग टूल्स लावून दर 15 सेकंदांनी आकडे घ्या.

डिस्कची मूळ ताकद एफआयओ या टेस्ट टूलने मोजता येते, ब्लॉक साइझ 8 केबी द्या, पोस्टग्रेसचं पेज तेवढंच असतं. पण राइट टेस्ट कधीही थेट डिव्हाइसच्या नावावर चालवू नका, त्यावरचा डेटा ओव्हरराइट होतो, वेगळी टेस्ट फाइल बनवून तिच्यावरच चालवा, आणि तीही प्रॉडक्शनवर लोड असताना नको.