जानेवारीतच ट्युलिपचे कोंब वर आले? घाबरून या चुका करू नका

आधी उत्तर देऊन टाकते: कुंडी घरात घेऊ नका. बाकीचं सावकाश वाचा.

इंग्लंडमध्ये संक्रांतीच्या आसपास कुंडीतल्या डॅफोडिलचे, ट्युलिपचे कोंब बोटभर वर आलेले दिसले की पोटात गोळा येतो. आता फ्रॉस्ट पडला की गेलं सगळं! तुळस आणि कढीपत्ता इथल्या थंडीत जगवण्याचा खटाटोप ज्याने केलाय, त्याला असं वाटणारच. पण हे कंद जातीचेच थंडीचे. रानटी ट्युलिप मूळचे मध्य आशियाच्या डोंगरातले, तिथला हिवाळा लंडनच्या हिवाळ्याला हसेल असा. पारा उणे चार-पाचावर गेला तर पानांची टोकं तेवढी तपकिरी पडतात. फुलाची कळी आदल्या उन्हाळ्यातच कंदाच्या आत तयार झालेली असते, आणि जानेवारीत ती मातीखाली सुरक्षित असते.

कडक फ्रॉस्टच्या सकाळी डॅफोडिलची पानं, कधी कधी फुलंसुद्धा, काचेसारखी होऊन आडवी पडलेली दिसतात. त्यांना हात लावू नका, सरळ करायला जाऊ नका, आणि कोमट पाणी तर मुळीच ओतू नका. ऊन वर आलं की आपोआप उठून उभी राहतात.

आता घरात घेतल्याने काय होतं ते सांगते, कारण सगळ्यात जास्त फुलं याच चुकीपायी जातात. ट्युलिपला फुलण्याआधी साधारण 12 ते 16 आठवडे सलग थंडी लागते, 9 अंशांच्या खालची. नोव्हेंबरात लावलेल्या कंदाची ती जानेवारीत पुरी झालेली नसते. अशात कुंडी 20 अंशांच्या दिवाणखान्यात आणली, की कंदाला वाटतं वसंत आला. पानं भराभर वाढतात, पण दांडा वाढत नाही. कळी पानांच्या बेचक्यातच अडकते, नाहीतर वाळून जाते. त्यात जानेवारीतला खिडकीतला उजेड तो केवढा! पानं लांबुळकी, फिकट, लुळी होतात. मग चूक लक्षात येते, कुंडी परत बाहेर जाते, आणि घरात नाजूक झालेली पानं पहिल्याच रात्री खरोखर करपतात.

म्हणूनच सुपरमार्केटमधून जानेवारीत आणलेल्या, आधीच कोंब फुटलेल्या कुंड्यांची गोष्ट वेगळी आहे. त्या काचघरात वाढलेल्या असतात. त्यांना थेट उघड्यावर ठेवू नका. आठवडाभर पोर्चमध्ये किंवा बिनहीटरच्या कॉन्झर्व्हेटरीत (घराला जोडलेल्या काचेच्या खोलीत) ठेवा, दिवसा बाहेर, रात्री आत, असं करत सवय लावा.

मुळात ते लवकर आलेत का, हेही एकदा तपासा. एकाच कुंडीत थर लावून कंद लावले असतील (तळाला ट्युलिप, मध्ये डॅफोडिल, वर मस्करी, म्हणजे निळ्या घोसांचा ग्रेप हायसिंथ, किंवा क्रोकस) तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिसणारी गवतासारखी पानं बहुधा मस्करीची असतात. मस्करी शरद ऋतूतच पानं काढतो आणि ती हिवाळाभर मिरवतो, त्याचा स्वभावच तसा. 'राइनवेल्ड्स अर्ली सेन्सेशन' हा डॅफोडिल तर जानेवारी-फेब्रुवारीत फुलतोच. हायसिंथच्या पाकिटावर 'प्रिपेअर्ड' लिहिलेलं असेल, तर ते कंद नाताळात फुलावेत म्हणून आधीच तयार केलेले असतात, ते घाई करणारच. पाकिटं फेकून देऊ नका, एवढंच सांगणं.

खरंच लवकर आले असतील तर कारण बहुतेक वेळा कुंडीची जागा असते. बॉयलरच्या धुराड्याखाली, किचनच्या दक्षिणेकडच्या विटांच्या भिंतीला टेकून, काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत. जमिनीतली माती हळूहळू तापते आणि हळूहळू निवते. कुंडीतली माती मात्र हवेबरोबर पळते. डिसेंबरात चार दिवस 12-13 अंश झाले की कुंडीतले कंद उठून बसतात, बाजूच्या वाफ्यातले झोपलेलेच असतात. कुंडी उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या बाजूला सरकवली तर वाढ मंदावते. आलेले कोंब परत आत जात नाहीत, पण घाई थांबते.

दुसरं कारण लागवडीची वेळ. सप्टेंबरात दुकानात कंद दिसले की आपण घेतो आणि त्याच शनिवारी लावून मोकळे होतो. डॅफोडिल आणि क्रोकसला ते चालतं. ट्युलिपला नाही. माझा साधा हिशेब असा की दिवाळीचा फराळ संपला आणि घड्याळं एक तास मागे गेली की मग ट्युलिप लावायचे, म्हणजे नोव्हेंबरात. माती गार झालेली असते, आणि ट्युलिप फायर नावाच्या बुरशीचा धोकाही उशिरा लावल्याने कमी होतो. खोलीचं म्हणाल तर कंदाच्या उंचीच्या तिप्पट. पाच सेंटिमीटरच्या कंदावर पंधरा सेंटिमीटर माती. उथळ लावलेला कंद लवकर तापतो आणि लवकर उठतो. वर आलेल्या कोंबांवर मातीचा ढीग रचू नका, त्याने देठ कुजतात. कंदाचा माथाच उघडा पडला असेल, तर मात्र इंचभर कंपोस्ट टाकायला हरकत नाही.

एवढी काळजी पानांची, आणि खरा धोका असतो मुळांना. तिकडे कुणी बघतच नाही. कुंडीची माती चिंब आहे, बुडाशी बशी आहे, बशीत पाणी तुंबलंय, आणि त्यावर तीन रात्री पारा शून्याखाली: मुळं गोठतात, नंतर कंद कुजतो, आणि मार्चमध्ये बोटाने दाबला तर पिकलेल्या केळ्यासारखा आत जातो. बशी आजच काढा. कुंडी विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवा, बुडाची भोकं मोकळी राहिली पाहिजेत. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा. कडाक्याची लाट येणार असेल तर बाजूंनी बबल रॅप गुंडाळा, माथा उघडा ठेवा. फारच झालं तर दोन-तीन दिवस शेडमध्ये किंवा बिनहीटरच्या गॅरेजमध्ये, आणि थंडी ओसरली की लगेच बाहेर. प्लॅस्टिकची पिशवी पालथी घालू नका: दिवसा उन्हाने आत ऊब, रात्री थंडी, आणि वर दमट हवेत बुरशी.

उलटंही घडतं. छपराच्या वळचणीला असलेल्या कुंडीत पाऊस पोचतच नाही. इंग्लंडात रोज पाऊस पडतो म्हणून आपण निर्धास्त, आणि माती आत कोरडी ठक्क. कोंब वर आले म्हणजे मुळं पाणी ओढताहेत. दोन पेरं बोट घाला, कोरडं लागलं तर फ्रॉस्ट नसलेल्या दिवशी सकाळी थोडं पाणी द्या. खत आत्ता नको. पानं जोमात आली की टोमॅटोच्या झाडांसाठी मिळतं ते द्रवखत पुरे.

फेब्रुवारीत कोंब बोटांच्या चिमटीत हलकेच धरून बघा. चपटाच लागला तर अजून नुसती पानं आहेत. मध्ये टणक फुगवटा लागला तर कळी वर येतेय, आणि आता मात्र कडक रात्री बागेचा फ्लीस (झाडांवर पांघरायचं हलकं कापड) टाकायला अर्थ आहे. सकाळी काढायचा. ट्युलिपला एकच रुंद पान आलं असेल तर त्या कंदाकडून यंदा फुलाची आशा नको. कोंब वेडावाकडा, भाजल्यासारखा, त्यावर करडी बुरशी दिसली तर तो ट्युलिप फायर. कंदासकट उपटून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही, आणि त्या मातीत पुढची काही वर्षं ट्युलिप लावू नका.

टोरांटो किंवा शिकागोकडच्यांनी यातलं 'बाहेरच ठेवा' जरा जपून वाचावं. तिथे कुंडी आरपार गोठून आठवडेच्या आठवडे तशीच राहते, त्यामुळे हिवाळाभर बिनहीटरचं गॅरेज हीच तिची जागा.

आणि पुण्या-मुंबईत ऑनलाइन ट्युलिप मागवणाऱ्यांसाठी: श्रीनगरच्या ट्युलिप बागेला जी थंडी फुकट मिळते, ती तुम्हाला फ्रिजमधून द्यावी लागते. कंद 'प्री-चिल्ड' म्हणून आले असतील तर कोंब लवकर येणं हे ठीकच, ते त्यासाठीच थंड केलेले असतात. साधे असतील तर कागदी पिशवीत फ्रिजमध्ये ठेवा, पण सफरचंद, केळी, चिकू त्याच फ्रिजमध्ये नकोत. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते, आणि बाहेरून कंद मात्र ठणठणीत दिसतो.