खानावळ चालवताना: जेवणाऱ्यांच्या बदलत्या सवयी आणि आमचा अनुभव

२०१४ च्या जूनमध्ये सदाशिव पेठेतील एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आम्ही खानावळ सुरू केली, तेव्हा जेवायला कोण येणार याची चिंता नव्हती. आजूबाजूला स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका होत्या आणि बीड, लातूर, नांदेडकडून आलेल्या मुलामुलींना दोन वेळचे घरच्यासारखे जेवण हवे होते. महिन्याचे पैसे आगाऊ मिळत, दुपारी बारा ते अडीच आणि रात्री आठ ते दहा एवढ्याच वेळा सांभाळाव्या लागत, आणि उद्या किती कणीक भिजवायची हे आदल्या रात्रीच सांगता येई. या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांपैकी बरेच जण अशाच एखाद्या खात्रीवर जागेची अनामत भरतात, म्हणून आमची खात्री कशी मोडली आणि त्यानंतर आम्ही काय केले, हे सविस्तर सांगते.

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली आणि आमचे १४० मासिक मेंबर गावी गेले ते कित्येक महिने आलेच नाहीत. पुढे अभ्यासिका पुन्हा भरल्या, मुलेही आली, परंतु त्यांची जेवायची पद्धत पूर्वीची राहिली नव्हती. काही जण चौघांत मिळून स्वयंपाकाला बाई ठेवू लागले, काही जण सकाळी अकराला एकदाच पोटभर जेवून रात्री काहीतरी हलके मागवू लागले, आणि महिन्याचा पास काढण्याऐवजी त्या त्या दिवशी ठरवायचे, ही सवय जवळजवळ सर्वांना लागली. आम्ही मात्र जुन्या मेंबरांची वाट पाहत वर्षभर तेच अमर्यादित ताट वाढत राहिलो, आणि या वर्षाने आमची बहुतेक शिल्लक संपवली.

बदल नेमका कशात झाला आहे हे मला मोरीपाशी उभे राहून समजले. सलग दोन आठवडे मी भांडी घासणाऱ्या बाईंच्या शेजारी वही घेऊन उभी राहत असे आणि परत आलेल्या प्रत्येक ताटात काय उरले आहे ते लिहून घेत असे. भात सर्वांत जास्त परत येई, त्याखालोखाल गोड. कोशिंबीर मात्र जवळपास प्रत्येक ताटात संपलेली असे आणि उसळीची वाटी पुसून खाल्लेली असे. त्यावरून आम्ही दोन पोळ्या, एक उसळ, एक भाजी, आमटी आणि मोठी वाटी कोशिंबीर असे छोटे ताट काढले आणि भात मागेल त्याला वेगळा देऊ लागलो. दुपारचा तांदूळ अकरा किलोवरून सात किलोवर आला, आणि ताटाची किंमत कमी ठेवूनही आमच्या हातात पूर्वीपेक्षा अधिक पैसे राहू लागले. नव्या माणसाने सल्लागार नेमण्याआधी किंवा दुसऱ्याचे मेनूकार्ड उतरवून घेण्याआधी हे पंधरा दिवस स्वतःच्या मोरीपाशी काढावेत, असे मला अगदी मनापासून वाटते.

पार्सल हा स्वतंत्र स्वयंपाक आहे, हे आम्हाला पिठलं-भाकरीने शिकवले. तव्यावरून उतरलेली भाकरी आम्ही तशीच डब्यात बंद करून पाठवत होतो. वाफ आतच कोंडे आणि गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचेपर्यंत भाकरी ओलसर होऊन तिचे पदर एकमेकांना चिकटत. पिठलं उलट दाटून घट्ट गोळा होई. आता भाकरी पाच मिनिटे जाळीवर ठेवतो, वाफ निघून गेली की कागदात गुंडाळतो आणि डब्यात घालत नाही, आणि पार्सलचे पिठलं पंगतीच्या पिठल्यापेक्षा मुद्दाम पातळ ठेवतो. मिसळीचा कट आणि फरसाण वेगळे बांधतो. कांदाभजी मात्र कितीही प्रयत्न केले तरी वीस मिनिटांचा प्रवास सोसत नाहीत, म्हणून ती आम्ही फक्त बसून खाणाऱ्यांनाच देतो.

मोबाईलवरून ऑर्डर घ्यायच्या असतील, तर आधी हिशेब मांडावा. समजा पदार्थाची किंमत १५० रुपये आहे आणि डिलिव्हरी अ‍ॅपचे कमिशन २५ टक्के ठरले आहे. कमिशनचे ३७.५० रुपये, त्यावरील १८ टक्के जीएसटीचे ६.७५ रुपये आणि डबा-पिशवीचे १२ रुपये वजा केल्यावर ९३.७५ रुपये उरतात. कच्च्या मालाला ५० रुपये लागले असतील, तर भाडे, गॅस, पगार आणि आपले घर यांसाठी ४३.७५ रुपये शिल्लक राहतात. त्यातच वीस रुपयांची सवलत आपल्या खिशातून दिली, तर हा आकडा तिसाच्या खाली जातो. आम्ही पहिले सहा महिने ही आकडेमोड न करता प्रत्येक सवलत योजनेला होकार देत गेलो. ऑर्डरी वाढत होत्या आणि गल्ला रिकामा होत होता. आता मोबाईलवर मोजके पदार्थ ठेवले आहेत आणि प्रत्येक पार्सलमध्ये खानावळीचा फोन नंबर असलेली चिठ्ठी घालतो, ज्यामुळे पेठांतील बरीच गिऱ्हाइके थेट फोन करून स्वतः न्यायला येतात.

कागदपत्रांबाबत थोडक्यात सांगते. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक बिलावर छापणे बंधनकारक आहे. १ जानेवारी २०२२ पासून डिलिव्हरी अ‍ॅपवरून गेलेल्या जेवणावरील ५ टक्के जीएसटी ते अ‍ॅपच भरते, म्हणून त्या विक्रीची वही पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावी, नाहीतर वर्षअखेरीस हिशेब लागत नाही.

आमच्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक २०२२ मधील आहे. लोकांना नवेनवे हवे असते असे समजून आम्ही चायनीज, पास्ता आणि पनीरचे चौदा प्रकार आणले, आणि चोवीस पदार्थांचे मेनूकार्ड एकाहत्तर पदार्थांचे झाले. दुसरा फ्रीज घ्यावा लागला, दर रविवारी आंबलेले पनीर टाकावे लागे, आणि आमच्या आचाऱ्यांना एकाच भट्टीवर नूडल्स आणि आमटी सांभाळताना फोडणीकडे लक्ष देता येईना. जुन्या मेंबरांनी आमटीची चव गेल्याचे तोंडावर सांगितले तेव्हा आम्ही थांबलो. आज सव्वीस पदार्थ आहेत आणि नवा एक आणायचा असेल, तर जुना एक काढल्याशिवाय आणत नाही.

शिवाय आपल्याकडे खाण्याची सवय दरवर्षी पंचांगाप्रमाणेही बदलते, हे नव्या व्यावसायिकांच्या लक्षात येत नाही याचे मला वाईट वाटते. श्रावणात आमच्यासारख्या शाकाहारी खानावळीत गर्दी वाढते, तर नवरात्राचे नऊ दिवस भगर आणि दाण्याच्या आमटीला रोजच्या ताटाइतकीच मागणी असते. उपवासाचे गिऱ्हाईक भांडी वेगळी आहेत का, हे विचारून घेते, आणि एकदा विश्वास बसला की ते वर्षभर येते. त्यामुळे त्या नऊ दिवसांसाठी आम्ही पातेली, झारे आणि शेगडी निराळी ठेवतो.

ज्वारी-नाचणीच्या भाकरीला तर आता बाराही महिने मागणी आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, त्या सुमारास शहरातील नोकरदार मंडळी पोळीऐवजी भाकरी मिळेल का, असे आपणहून विचारू लागली. आमच्याकडे भाकरी थापता येणे हे कौतुकाचे काम आहे आणि ते घाईने होत नाही. भाकरीच्या मावशी दोन तव्यांवर तासाला चाळीस-पंचेचाळीस भाकरी करतात; त्याहून जास्त मागितल्या की कडा जाड राहतात आणि पापुद्रा सुटत नाही. यंत्राने थापलेली भाकरी आम्ही महिनाभर करून पाहिली, गिऱ्हाइकांनी ती परत पाठवली. म्हणून मावशींचा पगार आचाऱ्यांच्या बरोबरीने केला आणि त्यांच्या हाताखाली त्यांच्याच गावची एक मुलगी शिकायला ठेवली. तिच्या भाकरीला अजून चिरा जातात, म्हणून तिच्या भाकरी सध्या आम्ही घरची आणि कामगार मंडळी खातो, आणि रात्री साडेनऊला मावशींचे पीठ संपले की मोबाईलवर भाकरी बंद करून फोन करणाऱ्यांना उद्या दुपारची वेळ देतो.