कास्टिंगचा कंटेनर रेडिएशन गेटवर अडू नये म्हणून

डिस्पॅचला नवीन लागलेल्या पोरांना कस्टम्स म्हटलं की न्हावा शेवाच आठवतं. शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्सचा कागद) झालं, सील लागलं, बॉक्स म्हणजे कंटेनर जहाजावर चढला की आपलं काम संपलं, असा समज. मी कोल्हापूरजवळच्या शिरोलीत एका फाउंड्रीत, म्हणजे भंगार वितळवून लोखंडाचे ओतीव भाग (कास्टिंग) करणाऱ्या कारखान्यात, भंगाराची आवक आणि एक्सपोर्टची जावक दोन्ही बघते. कस्टम्सच्या किरणोत्सार तपासणाऱ्या गेटवर काय होणार ते बरंचसं भंगाराच्या वजनकाट्यावरच ठरतं, हे मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगते. तेच इथं जरा सविस्तर लिहिते.

आधी ते गेट कुणाचं, हे समजून घ्या. आपला बॉक्स कधी थेट युरोपला जातो, कधी कोलंबोला किंवा ओमानच्या सलालाहला जहाज बदलतो. अशा बऱ्याच बंदरांवर उभी असलेली किरणोत्सार तपासणारी गेटं त्या देशांनी आपल्या खिशातून घेतलेली नाहीत. सोव्हिएत संघ फुटल्यावर अणुसामग्री चोरीला जाईल या भीतीनं अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं 1998 पासून रशियाच्या सीमेवर अशी यंत्रं द्यायला सुरुवात केली. 2003 मध्ये तोच कार्यक्रम मोठ्या बंदरांवर आला, त्याचं नाव मेगापोर्ट्स. ग्रीसचं पिरेयस, रॉटरडॅम, अँटवर्प, सिंगापूर, कोलंबो, सलालाह ही सगळी त्यात होती. 2012 पर्यंत ठरवलेल्या 100 बंदरांपैकी 42 बंदरांचं काम पुरं झालं होतं आणि तोवर सुमारे 85 कोटी डॉलर खर्च झाले होते. यंत्रं बसवून द्यायची, हातात धरायचे मीटर द्यायचे, तिथल्या कस्टम्सवाल्यांना शिकवायचं, काही वर्षं देखभाल करायची आणि मग चाव्या त्या देशाच्या हातात द्यायच्या, अशी ती पद्धत. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचाही निर्यात नियंत्रण आणि सीमा सुरक्षेचा वेगळा कार्यक्रम आहे. आपला देशही या बाबतीत नुसता घेणारा नाही: 2019 मध्ये मालदीवच्या कस्टम्सची क्षमता वाढवण्याचा करार आपल्या केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं केला.

एवढा इतिहास सांगायचं कारण असं की शिकवणी एका मुशीतली आहे. परदेशातल्या कितीतरी अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या रिचलंड इथं झालं, तिथं खरे स्रोत वापरून सराव देतात. त्यामुळं कोलंबोचा माणूस आणि पिरेयसचा माणूस साधारण एकाच क्रमानं वागतो: पहिलं गेट, मग बाजूला घेऊन दुसरी तपासणी, मग हातातल्या यंत्रानं नेमका पदार्थ ओळखणं. तोच क्रम आपण आपल्या यार्डात लावला, तर तिथं विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं आधीच फाइलला असतात.

गेटची रचना साधी आहे. दोन्ही बाजूंच्या खांबांत प्लास्टिकचे मोठे पत्रे असतात, गॅमा किरण पडले की ते चमकतात. शेजारी न्यूट्रॉनसाठी नळ्या. गाडी नसताना यंत्र भोवतालचा नेहमीचा आकडा मोजत राहतं आणि गाडी आली की त्याच्याशी ताडून बघतं. पदार्थ कुठला हे या गेटला सांगता येत नाही, ते फक्त वाजतं. म्हणून केळी, पोटॅशचं खत, ग्रॅनाइट, फरशी, मांजराच्या पेटीतली माती यांनीही ते वाजतं. त्यांच्यात पोटॅशियम, थोरियम, युरेनियम निसर्गतःच असतं आणि कस्टम्सवाल्यांना ते पाठ असतं.

आपली गंमत वेगळी आहे. लोखंडात असलं काही मुळात नसतं. उलट वीस टन कास्टिंग भरलेला बॉक्स गेटमध्ये आला की जमिनीतून येणारे किरण तो अडवतो आणि गॅमाचा आकडा खाली जातो. न्यूट्रॉनचा किंचित वर सरकतो, कारण अवकाशातले किरण जड धातूवर आपटून न्यूट्रॉन सोडतात. शिकलेल्या माणसाला हे सगळं माहीत असतं. त्यामुळं फरशीचा बॉक्स वाजला तर तो कागद बघून पुढं सोडेल, पण कास्टिंगचा बॉक्स वाजला की त्याचे कान उभे राहतात. "नैसर्गिक असेल साहेब" हे उत्तर आपल्याला नाहीच.

लोखंडात किरणोत्सार येतो तो भंगारातून. 1984 च्या जानेवारीत अमेरिकेत लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेच्या गेटवर सळ्यांचा ट्रक वाजला. मागं जाता जाता माग मेक्सिकोच्या हुआरेझमधल्या भंगारवाल्यापर्यंत लागला: कर्करोगाच्या उपचाराचं जुनं यंत्र फोडलं होतं आणि त्यातलं किरणोत्सारी कोबाल्ट-60 वितळून सळ्यांत आणि टेबलांच्या पायांत गेलं होतं. 2008 मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत तेच सापडलं, पोलाद भारतातलं होतं. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठातून लिलावात आलेलं यंत्र भंगारवाल्यांनी फोडलं आणि एक माणूस दगावला.

आता आपल्या यार्डाचं.

किरणोत्सार मोजायचा मीटर एकच असला तरी चालेल, पण त्याचं कॅलिब्रेशन चालू तारखेचं हवं. सकाळी गाड्या यायच्या आधी मोकळ्या जागी, वजनकाट्यापासून लांब उभं राहून भोवतालचा आकडा घ्या आणि वहीत लिहा. आपल्या काळ्या दगडाच्या भागात तो मुळात कमी असतो, कर्नाटकात खाली ग्रॅनाइटच्या पट्ट्यात जास्त भरेल. म्हणून दुसऱ्या कुणाचा आकडा उसना घेऊ नका. भट्टीला अस्तर लावायचा माल आणि झिरकॉनचे (साच्याला लावायच्या खनिज लेपाचे) डबे ठेवलेत त्या शेडजवळ तर आकडा घेऊच नका, तिथं तो फुगलेलाच असतो.

गाडी आली की दोन्ही बाजूंनी, मागून, पत्र्यापासून वीतभर अंतरावर मीटर धरून सावकाश चाला. हात भराभरा फिरवला तर मीटरला आकडा पकडायला वेळच मिळत नाही. अंतर दुप्पट झालं की मारा चौथाईवर येतो, म्हणून लांबून बघणं म्हणजे न बघण्यासारखंच. आणि गाडी बाहेरून शांत असली म्हणजे आत काही नाही असं नव्हे: मधोमध काही असेल तर भोवतीचं लोखंडच ते झाकतं. म्हणून मॅग्नेटनं उचललेला प्रत्येक घास खाली पडला की त्याच्यावरून पुन्हा मीटर फिरवायचा. क्रेनवाला कुरकुरतो. आमचा एक जुना भंगारवाला तर म्हणायचा, "ताई, ह्ये काय नवीन खूळ काढलंय?" आता तोच गाडी काट्यावर आली की स्वतः आठवण करतो.

डोळ्यांनाही काम द्या. किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह, लहान असून हाताला विचित्र जड लागणारी नळी, शिशाचं भांडं, साखर कारखान्याच्या किंवा सिमेंट प्लँटच्या जुन्या पाइपलाइनवरून निघालेला लेव्हल गेज (पातळी मोजायचं यंत्र, त्यात किरणोत्सारी स्रोत असू शकतो), वेल्डिंगचे गॅमा किरणांनी आरपार फोटो काढायचा कॅमेरा, अंधारात चमकणाऱ्या काट्यांची जुनी डायल. यातलं काही दिसलं, तर मीटर काहीही म्हणो, गाडी बाजूला.

आमच्याकडं नियम असा: आकडा सकाळच्या दुप्पट झाला की गाडी थांबली. यापुढचं नीट वाचा, गडबड नेमकी इथंच होते. माल उतरवायचा नाही, कापायचा नाही, हातानं चाचपायचा नाही. माणसं लांब करा, दोरी बांधा, ड्रायव्हरला खाली उतरवून चहाला बसवा. मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवा आणि ते सांगतील तसंच करा. गाडी विक्रेत्याकडं परत पाठवायचा मोह होतो, कारण बला टळते असं वाटतं. ती पाठवायची नाही. एकदा शंका आली की परवानगीशिवाय ती गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि परत गेलेला तुकडा दुसऱ्याच्या भट्टीत जाणार हे तर उघड आहे.

परदेशी भंगार घेत असाल तर जहाजावर चढण्याआधीच्या तपासणीचा दाखला नुसता फाइलला लावू नका, वाचा. बॉक्स क्रमांक, सील क्रमांक, किरणोत्साराचा आणि स्फोटकांचा उल्लेख जुळतो का बघा. ही कडक शिस्त 2004 मध्ये गाझियाबादकडं भंगारातून आलेल्या तोफगोळ्यांच्या स्फोटानंतर आली.

भट्टीपाशी एक गोष्ट लक्षात ठेवली की बाकी सोपं जातं. कोबाल्ट-60 धातूतच राहतं. सीझियम-137 हा दुसरा किरणोत्सारी पदार्थ धुरासोबत उडतो आणि बॅग फिल्टरच्या (धूर गाळणाऱ्या पिशव्यांच्या) धुळीत बसतो. स्पेनमध्ये 1998 साली तसंच झालं, आणि ती धूळ हवेतून फ्रान्स-स्वित्झर्लंडपर्यंत गेली. म्हणून स्पेक्ट्रोसाठी (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रासाठी) काढलेला हीटचा, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा, नमुना मीटरसमोर धराच, पण धुळीचं पोतं बदलताना तेही तपासा. पोत्याचा विसर सगळ्यांनाच पडतो. नमुन्यांपैकी काही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत गॅमा तपासणीला पाठवायचे. युरोपात कोबाल्ट-60 साठी ग्रॅमला 0.1 बेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक) ही रेघ आहे, आणि एवढं कमी आपला हातातला मीटर पकडेल अशी आशा धरू नका. इटलीत धातूचा माल उतरवायचा तर तिथल्या नियमानं किरणोत्सार तपासणीचा वेगळा कागद लागतो. तो ऑर्डर घेतानाच गिऱ्हाइकाला विचारा. बॉक्स निघाल्यावर विचारून उपयोग नाही.

पॅकिंगकडं येऊ. फेटलिंग आणि शॉट ब्लास्टिंग (कास्टिंग घासून आणि छर्रे मारून साफ करणं) नीट झालं नाही आणि आतल्या पोकळीत झिरकॉनचा लेप राहिला, तर तोच गेटवर बोलू शकतो, कारण झिरकॉनमध्ये थोरियम-युरेनियमचा अंश असतो. कोअरच्या (पोकळी पाडायला साच्यात ठेवतात त्या गाभ्याच्या) खोबणीत टॉर्च मारून बघायची सवय लावा. एक्स-रे स्कॅनरचं गणित आणखी वेगळं: बंदरावरचा मोठा स्कॅनर साधारण 300 मिलिमीटर पोलादाच्या आरपार बघतो. आपण पेट्या एकावर एक गच्च रचल्या की पडद्यावर काळा ठोकळा दिसतो, आणि काळ्या ठोकळ्यामागं काय आहे हे बघायला बॉक्स उघडावाच लागतो. वजन पूर्ण लांबीत एकसारखं पसरा, ओळींत फट ठेवा, आणि पॅकिंग लिस्टला बॉक्सचा वरून दिसणारा हाताने काढलेला नकाशा जोडा. कुठल्या पेटीत कुठला भाग, किती किलो, कुठली हीट. आमच्या कस्टम्स ब्रोकरला सुरुवातीला हे हसू वाटलं होतं. आता तो दुसऱ्या पार्ट्यांनाही तसाच नकाशा मागतो.

मालाचं वर्णन "मशिनरी पार्ट्स" एवढंच लिहू नका. बॉक्स जहाजावर चढण्याआधीच त्याची माहिती पुढच्या देशाला जाते आणि जोखीम मोजली जाते, हे जागतिक सीमाशुल्क संघटनेनं 2005 मध्ये आखलेल्या चौकटीतलंच आहे. ग्रे आयर्न कास्टिंग, पंपाची बॉडी, मशिनिंग झालेली की न झालेली, असं मोकळं लिहा.

एवढं करूनही बॉक्स वाजला तर फोन बहुधा अवेळी येतो. घाबरून "सोडवा कसंही" असं एजंटला म्हणू नका. आधी विचारा: गॅमा की न्यूट्रॉन? दुसऱ्या तपासणीत पदार्थ ओळखला का, आणि कुठला? बॉक्सच्या कुठल्या भागात? थोरियम म्हणाले तर लेपाचा संशय धरा आणि झिरकॉनचा डेटा शीट पाठवा. कोबाल्ट म्हणाले तर तो भाग नकाशावर शोधा, त्या हीट काढा, त्या दिवसाच्या भंगाराच्या गाड्या काढा आणि नियामक मंडळाला आपण होऊन कळवा. त्याच हीटचा राहिलेला माल त्या क्षणी थांबला पाहिजे, मग गिऱ्हाईक कितीही ओरडो. आणि हेही विचारा की गेट चालू होतं का. देणगीतली यंत्रं देणारा निघून गेल्यावर सुट्या भागांवाचून अडतात, मग हातातल्या मीटरवर काम निघतं आणि बॉक्स रांगेत पडून राहतो. तो उशीर आपल्या मालामुळं नसतो, पण डिमरेजचं (बॉक्स बंदरात पडून राहिल्याच्या दंडाचं) बिल आपल्याच नावानं येतं. गेट बंद होतं याचं उत्तर लेखी घेऊन ठेवा, वाद घालायला तेवढा एकच कागद हातात असतो.

आवकीची वही, हीटचे आकडे आणि पॅकिंगचा नकाशा एकाच नंबरखाली ठेवा. आम्ही शिपिंग बिलाचा नंबर वापरतो, कारण फोन करणाऱ्याच्या हातात तोच असतो.