ठासणीची बंदूक: बार उडवल्यानंतरची धुलाई आणि पावसाळ्यातली निगा

जावळी, पाटण, महाबळेश्वरकडच्या ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायच्या, बंदुका उडवून उडवून खराब होत नाहीत. बार उडवला आणि सकाळी बघू म्हणून खुंटीला टांगली, यानेच त्या जातात. काळी दारू जळाली की तिचं निम्म्याहून अधिक वजन वायू होत नाही, क्षारांच्या रूपात उरतं. थोडं धुराबरोबर बाहेर पडतं, बाकीचं नळीला आतून चिकटतं. हे क्षार हवेतला ओलावा ओढतात. जत-आटपाडीकडे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिथे एखादी रात्र निभावते. महाबळेश्वरला तो ५,५०० च्या आसपास जातो. तिथे जुलैत रात्री न धुतलेल्या नळीवर सकाळी तांबूस गंज हाताला लागतो.

आधी परवान्याचं. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, पण परवाना लागतोच. परवाना आहे म्हणून डुक्कर किंवा गवा मारायची मुभा मिळत नाही. तो विषय वन खात्याचा. शेतात बंदुकीचं खरं काम आवाज काढून जनावर हुसकावणं हेच.

कुठलंही काम करण्याआधी बंदूक भरलेली आहे का ते पाहा. घोड्याखालची, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणाऱ्या हातोडीखालची, केप (ठिणगी देणारी छोटी टोपी) काढा. नळीचं तोंड मोकळ्या जागेकडे ठेवून गज (ठासायची सळई) आत सोडा आणि तोंडाशी अंगठ्याने खूण धरा. मग गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावा. त्याचं टोक निपलच्या (केप बसते त्या पोकळ बोंडीच्या) रेषेपर्यंत पोचलं तर नळी रिकामी. दोन-चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत बार, म्हणजे भरलेली दारू-गोळी, आहे. आजोबांच्या काळापासून माळ्यावर पडून आहे, आता काय होणार, असं म्हणू नका: कोरड्या नळीतली काळी दारू कित्येक वर्षांनीही पेट घेते. असा बार कोरडा असताना उकरायचा नाही. निपल काढून त्या भोकातून पाणी ओता, दारूचा चिखल होऊ द्या, मगच गजाला पेच (स्क्रूसारखं टोक) लावून बार ओढा. निपल निघत नसेल तर परवानाधारक कारागिराकडे न्या. पक्कड लावून निपलचे चौकोनी कोपरे घासले की साधं काम अवघड होऊन बसतं. आदल्या रात्री दोन थेंब गंज सोडवणारं तेल टाकून ठेवा आणि निपलचाच पाना वापरा.

धुलाईला बादलीभर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे चार-पाच थेंब पुरतात. दारूची काजळी पाण्यात विरघळते, तेलात नाही. रॉकेलने किंवा डिझेलने पुसलेली नळी चकचकीत दिसते, पण क्षार तेलाच्या थराखाली जसेच्या तसे राहतात आणि तिथेच खातात. काही जण उकळतं पाणी ओततात, धातू तापून आपोआप वाळतो म्हणून. वाळतो खरा, पण वाळताना गंजाचा पातळ तांबडा थर धरतो. कोमट पाणी आणि हाताने कोरडं करणं, हेच बरं.

नळीचा खिळा काढून ती लाकडी दस्त्यापासून वेगळी होत असेल तर करा. नसेल तर दस्त्याला प्लास्टिक गुंडाळा आणि निपलच्या जागी रबरी नळीचा तुकडा बसवून पाणी बाजूला जाऊ द्या. वेगळी झाली तर बूड बादलीत उभं करा, गजाला साधारण दोन इंच चौरस सुती कापड लावा आणि पंपासारखं वरखाली करा. निपलच्या भोकातून पाणी आत ओढलं जातं आणि बाहेर फेकलं जातं. बुडाचा कोपरा धुतला जातो तो त्याच दाबाने. वीसेक हेलपाटे झाले की पाणी बदला. तिसऱ्या पाण्याला ते नितळ निघालं पाहिजे. जुन्या धोतराचं कापड यासाठी उत्तम. टेरिकॉट पाणी शोषत नाही.

पुसायला कोरडी कापडं लागतील तेवढी लागू द्या, सातवं कापडही ओलं आलं तर आठवं घाला. बुडाशी साचलेला थेंब सर्वांत शेवटी निघतो. निपलचं भोक बारीक पितळी तारेने मोकळं करा. पोलादी सुई किंवा ड्रिल घालू नका, भोक मोठं होतं. नव्या निपलचं भोक पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतं. झिजून ते एक मिलिमीटरपर्यंत गेलं की उलटा वायू घोड्याला मागे ढकलतो आणि केपेचे तुकडे तोंडावर उडतात. तेव्हा निपल बदलायचं, घोड्याची कमान (स्प्रिंग) ताठ करायची नाही. आटे कोरडे बसवले तर पुढच्या वेळी निपल निघणार नाही, म्हणून त्यांना मेण-चरबी लावा: एक भाग मधमाशीचं मेण, दोन भाग बकऱ्याची वितळवून गाळलेली चरबी. मेण महाबळेश्वरच्या मधपाळांकडे सहज मिळतं. मांघर तर २०२२ पासून मधाचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. हेच मिश्रण गोळीभोवतीच्या कापडाला लावलं तर काजळी मऊ राहते. खनिज तेल दारूच्या आगीत डांबरासारखं चिकटतं, ते ठेवणीपुरतं.

ठेवणीसाठी मशीनचं पातळ तेल. घरातलं तेल नको. करडईचं तेल हवेत सुकून चिकट पापुद्रा धरतं, घोडा जड पडतो. खोबरेल हिवाळ्यात गोठतं आणि घोडा हळू पडतो. लाकडाला मात्र सुकणारंच तेल हवं: रंगाच्या दुकानातलं बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, हाताने चोळून पंधरा-वीस मिनिटांनी पुसून काढा. पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

पितळी भाग चिंचेने घासायची सवय असेल तर ते भाग सुटे करून घासा. चिंचेचं आम्ल नळीला लागलं की पोलादावर डाग पडतात.

दुसऱ्या दिवशी नळीत तेलाचं कापड फिरवा, आणि आठवड्याने पुन्हा. कापड तांबूस आलं तर पहिली धुलाई अपुरी होती. पाण्यापासून पुन्हा सुरू करा. आतून सँडपेपर कधीच घालू नका. पितळी ब्रश आणि तेल पुरतं.

घोडा अर्ध्यावर चढवून चाप बेताने दाबा. तो खाली पडला नाही पाहिजे. पडला तर बंदूक वापरातून बाहेर, दुरुस्ती कारागिराची.

पुढचा बार भरण्याआधी तेल पुसून काढा आणि रिकाम्या नळीत एक-दोन केपा फोडा. तेव्हा नळीचं तोंड जमिनीवरच्या गवताच्या काडीकडे धरा, समोर कुणाला उभं करू नका. काडी हलली तर वाट मोकळी. हलली नाही तर निपलमध्ये तेल किंवा मळ अडकलाय आणि बार फुसका जाणार. फुसका गेला तर बंदूक त्याच दिशेला धरून किमान एक मिनिट थांबा. उशिरा पेटणारा बार असतोच.

दारू परवानाधारक दुकानातली, काळीच. सुतळी बॉम्बची किंवा काडतुसं फोडून काढलेली दारू ठासणीच्या नळीत घातली की नळी फाटते, दुसरं काही होत नाही. मात्रा बंदूक बनवणाऱ्याने किंवा कारागिराने सांगितलेली, ठरलेल्या पितळी मापाने. डब्यातून थेट नळीत ओतू नका, आतली ठिणगी डब्यापर्यंत येते. दोन बारांच्या मध्ये ओलसर कापड फिरवा. गोळी किंवा डट्टा (दारूवर दाबायचा बोळा) दारूवर टेकेपर्यंत ठासा. मध्ये पोकळी राहिली तर दाब चुकीच्या जागी चढतो आणि नळी फुगते. पूर्ण ठासलेल्या गजावर तोंडाशी खूण करून ठेवा. दर वेळी खूण तिथेच आली पाहिजे.

गोळीच्या शिशाला हात लागल्यावर साबणाने धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका.

पावसाळ्यात कातडी किंवा ताडपत्रीच्या पिशवीत बंदूक ठेवू नका, ओलावा आतच कोंडतो. मातीच्या भिंतीपासून दूर, नळीचं तोंड खाली करून ठेवा, म्हणजे तेल घोड्यात आणि लाकडात उतरत नाही. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ आली तर आदल्या दिवशी धुऊन, जाड तेलाचा हात देऊन, घोड्याखाली निपलवर तेलाचा बोळा बसवून मगच द्या. ठाण्यात कुणी पुसत बसणार नाही. परत मिळाल्यावर पहिल्यांदा गज टाकून पाहा, आणि तो बोळा काढल्याशिवाय केप लावू नका.