घरातल्या गाण्यांना त्यांची नावं कशी द्यावीत

ठाण्यातल्या एखाद्या मोठ्या सोसायटीत वर्षभर किती प्रकारची गाणी होतात! बारशाला पाळणा, गणपतीत आरत्या आणि भजन, नवरात्रात भोंडला, कोजागरीला भावगीतं, शिवजयंतीला पोवाडा. खाडीकाठच्या कोळीवाड्यांत आणि नवी मुंबईच्या गावठाणांत त्याहून वेगळी. पण हीच गाणी कुणी वहीत किंवा मोबाइलमध्ये साठवायला घेतं तेव्हा सगळ्यांवर एकच शिक्का बसतो, 'जुनी गाणी'. गाण्याच्या प्रकाराचं नाव गेलं की ते कधी म्हणायचं, कुणी म्हणायचं, कशासाठी म्हणायचं हेही मागे राहत नाही. आजी, मावशी, शेजारच्या काकू अजून गातायत तोवर हे काम करायला हवं.

1. आधी गाणाऱ्यालाच विचारा

पुस्तक उघडण्याआधी विचारायचं, "आजी, याला तुमच्याकडे काय म्हणतात?" उत्तर येईल तो शब्द जसाच्या तसा लिहायचा. 'शुद्ध' करायला जाऊ नका.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण इथल्याच आगरी-कोळी लग्नांत सापडतं. लग्नाचे विधी पुढे सरकतात तशी धवलारीण एकेका विधीचं गाणं म्हणते. त्या गाण्यांना 'धवले' म्हणतात. बाहेरचा माणूस सरळ 'लग्नगीत' लिहून मोकळा होतो. पण मराठीची आद्य कवयित्री मानली जाते ती महानुभाव पंथाची महदंबा, आणि तेराव्या शतकात तिने रुक्मिणी-स्वयंवरावर रचले ते 'धवळे'च. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीच्या वाङ्मयातलं प्रकारनाम ठाणे-रायगडच्या मांडवात आजही जिवंत आहे. वहीत 'लग्नगीत' लिहिलं असतं तर हा धागा कुणाच्या लक्षात आला असता? धवलारीण भेटली तर तिच्यासमोर बसून, तिची परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, आणि कुठल्या विधीला कुठला धवला ते बाजूला लिहा.

2. वेळ, वाद्य आणि माणसं टिपा

अर्धी नावं इथेच कळतात. डफ-तुणतुणं आणि मागे झीलकऱ्यांचं 'जी जी रं जी' असेल तर पोवाडा. टाळ-पखवाज असेल तर वारकरी भजन. ढोलकी कडाडली की लावणी आठवते, पण बैठकीची लावणी वेगळ्या थाटात, बसून, अदाकारीने रंगवतात, तेव्हा नुसत्या ढोलकीवर जाऊ नका. कोकणातून आलेल्या मंडळींचा शक्ती-तुरा असेल तर सवाल-जवाब ऐकू येतील. एक बाजू शक्तीला मोठं मानते, दुसरी शिवाला.

पाळणा आणि अंगाई यांत हमखास गल्लत होते. अंगाई बाळाला झोपवायला. पाळणा बारशाला किंवा रामनवमी, गोकुळाष्टमी, शिवजयंतीसारख्या जन्मोत्सवाला, बायका जमून म्हणतात. त्यात बरेचदा 'पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी' अशी कडवी चढत जातात. तसंच देवाला उठवते ती भूपाळी, निजवते ती शेजारती.

3. अक्षरं मोजा

हे ऐकायला कठीण वाटतं, पण दहा बोटं पुरतात. गाताना सूर लांबतो, म्हणून मोजणी कागदावर करायची. जोडाक्षर एकच धरायचं.

'सुंदर ते ध्यान | उभे विटेवरी | कर कटावरी | ठेवोनिया'. मोजून पाहा: सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. हा मोठा अभंग. 'जे का रंजले गांजले | त्यासी म्हणे जो आपुले' यात आठ आणि आठ, शेवटी यमक. हा लहान अभंग.

ओवी मोकळी असते. ज्ञानेश्वरीतल्या ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, यमकाविना. जात्यावरच्या ओवीत अक्षरांचा हिशेब त्याहून सैल. ती जात्याच्या फेऱ्याबरोबर चालते, म्हणून तिथे मोजत बसू नका.

अक्षरं जुळत नसतील तर मात्रा मोजा: ह्रस्वाची एक, दीर्घाची (आणि अनुस्वार असलेल्या अक्षराची) दोन, आणि जोडाक्षराचा आघात आला तर आधीच्या ह्रस्वाच्याही दोन. सरावाला ही जुनी रचना घ्या:

सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची ।
ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंताची ॥

दोन्ही ओळींत 12 आणि 18 मात्रा भरतात, म्हणजे ही स्वतःच आर्या आहे. कुणाचा कुठला प्रकार गाजला तेही यातच पाठ होतं.

4. आशय पाहा, आणि दोन नावं लागली तर दोन्ही लिहा

गोपी कृष्णाची तक्रार करतायत किंवा दुधा-दह्याचे माठ घेऊन मथुरेला निघाल्यात, तर ती गवळण. विरहाने व्याकूळ असेल तर विरहिणी. विंचू, जोशी, वासुदेव अशा रोजच्या रूपकातून अध्यात्म सांगत असेल तर भारूड. एकनाथांनी ते घराघरांत नेलं. रोखठोक उपदेशाचा फटका अनंत फंदींचा. ही नावं आशयावरून पडलीत, आणि अभंग हे नाव रचनेवरून. म्हणून एकच गाणं गवळणही असतं आणि अभंगही. एक नाव खोडायची गरज नाही.

5. अलीकडच्या गाण्यांना कवीसह नोंदवा

भावगीतात एका मनाची एक अवस्था येते. त्याच्याखाली कवीचं नाव हवंच. ठाण्याचं नगराध्यक्षपद भूषवलेले जनकवी पी. सावळाराम यांची कितीतरी गीतं लोक आज कवीचं नाव न घेताच गुणगुणतात, ते मला खटकतं. गझल ओळखताना पहिला शेर बघा: दोन्ही ओळींत काफिया म्हणजे यमक (आणि असल्यास रदीफ, म्हणजे यमकामागून जसाच्या तसा परत येणारा शब्द) आला पाहिजे, पुढे प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत, आणि प्रत्येक शेर स्वतंत्र उभा राहिला पाहिजे. नुसती उदास चाल म्हणजे गझल नव्हे.

6. अडलं तर

1893 साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात चौकशी करा. छंद-वृत्तांसाठी माधवराव पटवर्धनांची 'छंदोरचना', लोकगीतांसाठी सरोजिनी बाबर यांनी संपादित केलेले खंड, अशी नावं घेऊन गेलात तर शोध सोपा होतो.

नोंद अशी करावी: 'गवळण (मोठा अभंग). एकादशीचं भजन, शेवटाकडे. टाळ, पखवाज. गाणारी: आत्या, माहेर कळवा. शिकली आईकडून.' पुस्तकातलं नाव आत्याने सांगितलेल्या नावाहून वेगळं निघालं, तर आत्याचं आधी लिहा आणि पुस्तकातलं कंसात.